कुऱ्हाड माझ्या हातात

रवि. ९ नोव्हें.
यांना तुमसरच्या दवाखान्यातून आणून तीन दिवस झाले. हर्नियाचं ऑप. नीट झालं. डॉ.नी बजावलंय, दोन महिने जड काही उचलायचं नाही, कुऱ्हाड तर हातातही घ्यायची नाही. तेव्हापासून हे खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. जेवणही अर्धंच. लग्नाला तीस वर्षं झाली, घरचं सरपण यांच्याशिवाय कोणी फोडलं नाही. गॅस आहे, पण चहापुरता. भात, वरण, आंघोळीचं पाणी सगळं चुलीवर. शेताच्या धुऱ्यावरच्या वाळल्या बाभळीचे ओंडके अंगणात तसेच पडलेत. आता मी काय करू?

मंगळ. ११ नोव्हें.
अंगणवाडीच्या कामावरून आले तर हे अंगणात उभे. एक हात पोटावर, दुसऱ्यात कुऱ्हाड!
"काय करून राहिले जी? टाके तोडता काय?"
"एकच ओंडका फोडतो वो. चुलीत काय घालशीन?"
हिसकून घेतली. त्याच रागात मीच घाव घातला. कुऱ्हाड लाकडात रुतली ती निघेना. मी दांडा धरून मागे लोंबले, तरी नाही. हे हसायला लागले. पोट दाबून दाबून हसले. "हासवू नोको वो, दुखते!"
दवाखान्यानंतर पहिल्यांदाच हसले. मीही खाली बसून हसले. कुऱ्हाड तशीच उभी.

गुरु. १३ नोव्हें.
शेजारची इंदूबाई म्हणाली, "माह्या दिराले पाठवू काय?" नको म्हटलं. का नको म्हटलं कोण जाणे.
यांची खुर्ची अंगणात मांडली. आजपासून हे मास्तर.
"मधात नोको मारू. काठावरून घे. ते चीर दिसते ना, तिच्यावर."
"मारून तर राहिली."
"हात नोको ताणू. कुऱ्हाडीच्या वजनालेच करू दे काम."
तळहाताला तीन फोड. लाकडाला एकही भेग नाही.

रवि. १६ नोव्हें.
फुटलं!!
सकाळी, ऊन गावामागच्या किल्ल्यावरून अंगणात उतरत होतं तेव्हा. जोर लावलाच नव्हता. फट् झालं नि दोन तुकडे दोन बाजूंना. आतून लालसर, वास गोडसर. मी एवढ्यानं ओरडले की इंदूबाई पिठाच्या हातानं धावत आली. "काय झालं वो? पडले काय भाऊ?"
"फुटलं!" मी.
"काय फुटलं?"
हे खुर्चीवरून टाळ्या वाजवत होते. बावन्नाव्या वर्षी माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या.

शनि. २२ नोव्हें.
फोडलेल्या लाकडांची थप्पी लावायला शिकले. खाली दोन आडवी लाकडं, म्हणजे ओल लागत नाही. मधे हवेला जागा. टोकाला एक थर उभा, एक आडवा. माझी पहिली थप्पी दुपारी सगळी कोसळली. हे मिशीतल्या मिशीत हसले. दुसरी उभी आहे. जाता-येता बघते.

शुक्र. ५ डिसें.
इंदूबाई स्वतःचा ओंडका डोक्यावर घेऊन आली. "मलेही शिकव." यांना दोन शिष्या. आवाज पार रस्त्यापर्यंत जातो यांचा. रात्री यांनी दोनदा भात मागून घेतला.

बुध. १० डिसें.
संध्याकाळी हे एकदम म्हणाले, "तुले आता सारं जमते. माहं काय काम उरलं सांग."
म्हटलं, "थप्पी वाकडी लागली हे सांगाले कोणी पायजे ना."
"वाकडी हायेच."
"मग सांगा ना, गप काहून बसता?"
सांगितलं. बरंच सांगितलं. दोघांनी मिळून पाडली नि परत लावली. यांनी बारीक तेवढी उचलली, मी मोठी.

शुक्र. ९ जाने.
दवाखान्यात तपासणी. डॉ. म्हणाले, "जखम छान भरली. आता हळूहळू सगळी कामं सुरू करा." एसटीत हे खिडकीतून बाहेर बघत गुणगुणत होते. मलाही आनंद झाला. खरंच झाला. पण आत काहीतरी खट्टू पण झालं. लिहायला लाज वाटते. आपल्या हातातलं कोणी काढून घेणार असं.

रवि. ११ जाने.
जाग आली ती अंगणातल्या आवाजानं. हे फोडत होते. दारात उभी राहून बघितलं. काय हात चालतो या माणसाचा! आपण दोन महिने शिकलो ते कोणाकडून, ते आज दिसलं. चार ओंडके झाले, दम लागला. घाम पुसून कुऱ्हाड माझ्यापुढे धरली.
"घे. हा गाठीचा हाय. मले नाई फुटत. पाहू तुह्यानं फुटते काय."
खरंच फुटत नव्हता की उगाच म्हणाले, देव जाणे. घेतली. पाच घाव घातले. सहाव्याला बोटभर चीर गेली.
हे खाली वाकून बघत राहिले. चिरेवरून अंगठा फिरवला.
"उद्या फुटते हा."
उद्या कोण फोडणार, ते यांनी सांगितलं नाही. कुऱ्हाड दोघांच्या मधे भिंतीला टेकवून ठेवली नि चहा घेतला.