लग्नाच्या कॅसेटवरचे हात

तांडा, १४ डिसेंबर २००१

प्रिय कुलदीप,

पत्र वाचताना तू नेहमीसारखा चहा सांडशील. सांडू दे, पण शेवटपर्यंत वाच.

चूक माझी आहे. तुमचा तो सिनेमा पोलिसांपासून लपवायला तुला माझ्या लग्नाचीच कॅसेट सापडली. वरात संपल्यावर थोडी कोरी, मग सिनेमा. लग्नाच्या कॅसेटवर कोण संशय घेणार, म्हणालास. अरे शहाण्या, आपल्याकडे सगळ्यात जास्त फिरते ती हीच. सोयरीक करायची तर आधी कॅसेट मागतात, तीत पोरगी नाचताना, वाढताना दिसते. ठाण्यातल्या रतनसिंग जमादाराच्या घरून आपल्या धाकट्या रुपासाठी मागणं आलं आणि मी हुरळून कॅसेट देऊन बसले. सिनेमा आठवला तो त्यांची जीप गेल्यावर.

बा ठाण्यात फिट येऊन गेला, असं सरकारी कागद म्हणतो. सिनेमातली बाई सांगते, "त्याला मारलं, तो पाणी मागत होता ते मी बाहेरून ऐकलं." आपल्या जन्मदात्या याडीचं तोंड तुम्ही पदरानं झाकलंत. पण हात? तेच गोंदण, त्याच कोपरापर्यंतच्या बांगड्या. त्याच कॅसेटवर आधी तेच हात मला हळद लावतात.

परवा कॅसेट परत आली. मागे फिरवलेली नव्हती. वसरामकाकांच्या व्हीसीआरवर लावली, तर थेट याडीचे हातच समोर आले. सोबत निरोप होता. पोरगी पसंत आहे, हुंडा नको, फक्त विहीणबाईंनी ठाण्यात येऊन एका कागदावर अंगठा द्यावा, की आपण काही ऐकलं नाही.

काल मी तुला दुसरंच पत्र लिहिलं होतं. नांदेडला होणारा सिनेमाचा खेळ बंद कर, ते हात त्यातून काढून टाक. याडीनं ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि चुलीत घातलं. म्हणाली, "झाकून काय झालं? वळखलंच की त्यायनं." आज सकाळी पदर मागे टाकून ती ठाण्यात गेली, अंगठा देणार नाही हे तोंडावर सांगायला. रुपा फाट्यावर उभी आहे. दिवस मावळत आला, दोन जीपा येऊन गेल्या, याडी नाही. मला फार भीती वाटतेय.

म्हणून हे पत्र पुण्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतेय. खेळ बंद करू नकोस. सोबत माझ्या लग्नातला याडीचा फोटो आहे, तोंड उघडं असलेला. सिनेमाआधी तो दाखव, नाव सांग, भिकाबाई थावरा राठोड. आज सकाळी ती आपल्या पायांनी ठाण्यात गेली, हेही सांग. आणि सांग, तिला आजवर कधी फिट आलेली नाही.

तुझीच बहीण,
शिला