चेडूचा चेंडू झाला

मास्तर,

तुम्ही आम्हाला वाचून दाखवलेली ती होडीवाल्या तांडेलाची कादंबरी आता कॉलेजात लागली आहे. शाळेच्या कपाटाबाहेर जिला कधी कुणी विचारलं नाही, ती एकदम पदवीच्या शेवटच्या वर्षाला! ऐकलं तेव्हा वाटलं, ही बातमी घेऊन आधी तुमच्याकडे धावावं. मग आठवलं, तुम्ही जाऊनही आता माझं अर्धं आयुष्य झालं, आणि तुमच्या घराच्या जागी पर्यटकांच्या खोल्या उभ्या आहेत. म्हणून बसल्या जागी लिहितो आहे.

बातमी आणली ती कट्टा गावच्या एका मुलीने. परवा दुपारी आमची ही अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती, तेव्हा ती एसटीने आली. तिचे अब्बा कट्ट्याच्या बाजारात सुकी मासळी विकतात. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याने तिला सांगितलं होतं की ते पुस्तक मालवणात असलंच तर ह्या म्हाताऱ्याकडे असेल. "तुमच्या पुस्तकाक शेवटी गिऱ्हाईक गावला हां!" असं ही मला म्हणाली आणि तिला सरबत करायला आत गेली. पुस्तक म्हणजे तुमचीच प्रत, मास्तर. तुमच्यामागे तुमच्या घरच्या बाईंनी बोलावून माझ्या हातात दिलेली. मुलीने ती दोन्ही हातांनी घेतली आणि वास घेतला. 

ही मुलं अभ्यास कशी करतात ते तुम्हाला सांगितलं तर पटणार नाही. मूळ पुस्तक दुकानात मिळत नाही. मोबाइलवर कुणीतरी पानांचे फोटो टाकलेत, त्यातली शेवटची पानं नाहीत. एक गृहस्थ चित्रफितीत सगळी गोष्ट भराभर सांगून मोकळे होतात. उरल्या झेरॉक्सच्या नोट्स, एकाने दुसऱ्याच्या उतरलेल्या. त्या नोट्स तिने माझ्यापुढे धरल्या. पटकीच्या साथीत तांडेल गावातली माणसं होडीने खाडीपार करतो, शेवटच्या खेपेला स्वतःच्या लेकीला आणायला वळतो तर ओहोटीची ओढ लागते आणि होडी गावाकडच्या काठाला पोचतच नाही. परत आल्यावर बायको विचारते, आणि तो एवढंच म्हणतो, "माझा चेडू थंयच रवला." लेकीबद्दलच्या ह्या वाक्याखाली नोट्समध्ये काय लिहिलंय सांगू? 'चेडू हा छपाईतील दोष असून येथे चेंडू असे वाचावे. मागे राहिलेला चेंडू हे नायकाच्या हरवलेल्या बालपणाचे प्रतीक आहे.'

मी हसलो, मास्तर. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते मात्र हसण्याचं नव्हतं.

तुमचा तो तास माझ्यासमोर उभा राहतो. तुम्ही कविता म्हणायला लागलात की टेबलावर बोटांनी ताल धरता, रस्त्याने जाणाऱ्या मासेवाल्या बायका पाय हळू करतात, आणि आम्ही पोरं मान डोलावतो. आज मी झाडांना पाणी घालताना ज्या कविता पुटपुटतो, त्या सगळ्या तुमच्याच चालीवर. पण त्या दिवशी कविता नाही, ही कादंबरी. छापील पुस्तकात 'चेडू' ऐकून सगळा वर्ग फिदीफिदी हसतो. घरातला शब्द पुस्तकात कसा? वर्गात कधी मालवणी न बोलणारे तुम्ही एकदम ओरडता, "हसतास कित्याक रे? घरात बहिणीक काय म्हणतास?"  तुम्ही पुढचं वाक्य वाचायला तोंड उघडता आणि मिटता. "पुढचं घरी वाचा," म्हणून पुस्तक बंद करता. आदल्या वर्षी तुमची मुलगी तापाने गेली होती, हे आम्हाला फार नंतर कळलं.

मी मुलीला विचारलं, "तुला काय वाटतं गो?"

"माका इचारतास? अब्बा माका अजून चेडूच म्हणतत," ती म्हणाली. "आणि आजोबा, चेंडू असतो तर तांडेलान 'माझो' म्हटल्यान असता. 'माझा' म्हणजे चेडूच मा?"

मास्तर, हे तुम्हीसुद्धा आम्हाला सांगितलं नव्हतं! प्रमाण मराठीत 'माझा चेंडू' बरोबर बसतं म्हणून नोट्स लिहिणारा शहरातला माणूस फसला. आमच्याकडे चेंडू 'माझो' असतो, लेक मात्र 'माझा'. मी आमच्या हिला हाक मारून ऐकवलं. पण मुलीचा चेहरा फुलला नाही. पिशवीतून तिने चाचणीचा पेपर काढला. तिने तिथे 'लेक' असंच लिहिलं होतं. लाल शाईने ते खोडून वर 'चेंडू' केलेलं, आणि उत्तराला भोपळा. ह्या एका विषयात ती मागच्या वर्षी नापास झाली होती. आता परत नापास झाली तर पदवी अडते, आणि पदवीशिवाय बी.एड. नाही. तिला मराठीची मास्तरीण व्हायचं आहे.

"सोमवारी पेपर आसा. काय लिवू, आजोबा?"

मी उत्तर टाळलं. म्हटलं, आधी शेवट तरी ऐक, तुझ्याकडे ती पानं नाहीत. वाचायला लागलो आणि त्या वाक्यापाशी, तुम्ही जिथे थांबलात तिथेच, माझंही तोंड मिटलं. मुलीने हळूच पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि उरलेलं तिने वाचलं. अडखळत नाही, रडत नाही. घरात बोलावं तसं. तांडेल रोज खाडीवर जातो आणि पलीकडून कुणी हाक मारली तर जाऊ म्हणून होडी सोडून हलत नाही, ते सगळं. ते पान मी कितीदा वाचलं असेल, पण कुणाच्या तोंडून ऐकलं ते परवा पहिल्यांदा. ही दारात सरबताचा पेला घेऊन तशीच उभी होती.

निघताना मुलीने पायरीवर चपला घालत परत विचारलं. आमची ही मध्येच म्हणाली, "आधी पास होवंदे गो बाय." मुलगी माझ्याकडेच बघत राहिली. मी म्हणालो, "चेंडू लिही."

ती "बरां" म्हणाली आणि खाली मान घालून एसटीच्या वाटेला लागली.

हे पत्र कुठे टाकणार? कुणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवतो. तो शब्द तोंडातून गेला त्या क्षणी, मास्तर, तुम्ही आता नाही ह्याचं मला बरं वाटलं.