शाल कुठल्या रंगाची होती

सर, सापडला! तुमचा नाताळचा सिनेमा सापडला. तोच तो, बर्फात अडकलेली आगगाडी, एवढंसं स्टेशन आणि फलाटावर शाल घेऊन उभी राहिलेली म्हातारी. माझ्या नातीनं मोबाइलवर काय काय टाइप केलं आणि हाक मारली, “आजोबा, हाच का?” मी पोहे परतत होतो. झारा हातात घेऊनच धावलो. इंजिनाचा धूर, आणि त्या धुरातून सावकाश पुढं येणारा कंदील. हाच, हाच, म्हणून मी एवढ्यानं ओरडलो की शेजारच्या खोलीतल्या पोरी दार वाजवून विचारायला आल्या, आजोबांना काय झालं? पोहे करपले. सत्तरी कधीच ओलांडलेला माणूस मी, पण त्या घटकेला आपल्या नांदेडच्या शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो.

तुम्हाला ठाऊक नसेल, मी सध्या लातुरात खोली करून राहतोय. इथं आता गल्लोगल्ली क्लास झालेत. मराठवाड्यातली पोरं पुस्तकांची ओझी घेऊन येतात, आणि त्यांच्या जेवणाखाण्याला कुणाची आई येते, कुणाची आजी. आमच्याकडून मी आलो. नात डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसतेय. पहिल्या खेपेला नंबर हुकला तेव्हापासून पोर हसायचीच थांबलीय. जेवताना भिंतीवरच्या सूत्रांच्या तक्त्याकडं बघत घास चावते. तिच्या बापानं, म्हणजे माझ्याच लेकानं, सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, ‘आमची डॉक्टर येणार.’ त्या एका वाक्याची तिला धास्ती बसली होती. मला ते दिसत होतं, पण विषय काढावा कसा ते उमगत नव्हतं. एका रविवारी नुसती करमणूक म्हणून तुमच्या सिनेमाची गोष्ट सांगितली, तर तिनं तो हुडकूनच काढला.

नाताळची सुट्टी असायची, तरी झाडून सगळा वर्ग शाळेत. भर दुपारी हॉलच्या खिडक्यांना बारदानं लावून आपण अंधार करायचो. मिशनच्या कंपाउंडातनं आणलेलं सिनेमाचं यंत्र घड्याळवाले चाचा चालवायचे आणि ते तापलं की ओरडायचे, “सर, तुमची गाडी जरा थांबवा, इंजन गरम हो गया!” तुमच्या घरच्या करंज्या हातोहात फिरायच्या. सिनेमा इंग्रजी, आणि आम्हाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तुम्ही सिनेमाचा आवाज बारीक करून, छडी घेऊन पडद्याशेजारी उभे राहायचात आणि सगळ्यांची बोलणी स्वतःच बोलायचात. गार्ड म्हणायचा, “गाडी काय सकाळपर्यंत हलत न्हाई बगा, घोंगडं घ्या अन् गप पडा.” फरकोट घातलेला तो जाडा प्रवासी छाती बडवून म्हणायचा, “असं कसं, माझा धर्माबादला मिरचीचा सौदा हाय!” आम्ही लोळून लोळून हसायचो. कुणीतरी विचारायचं, “सर, एवढा कापूस कुणी सांडला?” तुम्ही मागं न बघता उत्तर द्यायचात, “जिनिंगवाल्याला विचार. पुढं बघ.”

आणि त्या काळ्या-पांढऱ्या सिनेमातल्या शालीच्या रंगावरून आमची भांडणं! दर वर्षी. शेजारचा म्हणायचा लाल, मागचा म्हणायचा हिरवीगार, मी पैजेवर सांगायचो जांभळी. तुम्हाला विचारलं तर म्हणायचात, “ज्याची त्यानं रंगवा.” कवितेच्या तासालाही तुमचं तेच असे, कवी चार शब्द देतो, बाकीचं घर तुम्ही बांधा. आणि शेवटच्या ओळीआधी श्वास घ्यायचा, ही तुमची ताकीद. सिनेमातही तुम्ही तसाच श्वास घ्यायचात. गाडी सुटते, पांढऱ्या धुरातनं एक तरणा पोरगा उतरतो, म्हातारी त्याच्याकडं बघत राहते. तुमचा श्वास. मग, “आला गं बाई, लेक आला माझा!” ती शाल त्याच्या खांद्यावर टाकते आणि अख्खा हॉल टाळ्यांनी फुटतो.

म्हणूनच किल्लारीच्या खेळाचं मला कोडं पडलं होतं. भूकंप होऊन दोन-तीन महिनेच झाले होते. तुम्ही केव्हाच निवृत्त झालेले, केस पांढरे. मी नोकरीतनं रजा काढून आलो, चाचा आले, जीपमध्ये यंत्र आणि जनरेटर. दिवस मावळताना दोन पत्र्याच्या शेडांमध्ये चादर ताणली. माणसं येऊन बसली, पण गार्डाच्या बोलण्यावर कुणी हसेना. तुम्ही मिरचीचा सौदा गाळलात. शेवट आला. तुम्ही श्वास घेतलात, एवढा लांब की चाचांनी तुमच्याकडं वळून पाहिलं. आणि म्हणालात, “हा तिचा लेक न्हाई. लेक गेला. ह्या पोरालाबी कुणी न्हाई. तिनं शाल ह्याला दिली.” टाळी नाही, काही नाही. जरा वेळानं डोक्यावर पदर घेतलेली एक बाई पुढं आली.

“गुरुजी, त्या पोराला नंतर जेवाय घातलं का तिनं?”

“घातलं की.”

“काय घातलं?”

“गरम भाकर. दूध.”

“हां,” ती म्हणाली, “मग बरं.” आणि गेली.

परतताना जीपमध्ये मी तुमच्यावर जवळजवळ चिडलोच, “सर, शेवट का बदलला? त्यांनाच तर लेक परत आलेला बघायची गरज होती!” तुम्ही बाहेर बघत होतात. “बदलला न्हाई रे. खिडकी लाव, धूळ येतीय.” मला वाटलं, थकलात, विषय टाळताय.

तर आता ऐका. करपलेले पोहे बाजूला सारून आम्ही सिनेमा लावला. मी तुमच्यासारखा उभा, हातात छडीऐवजी झारा. मिरचीच्या सौद्याला नात खुदकन हसली. किती महिन्यांनी! “आजोबा, तो असलं काहीच म्हणत नाहीये! त्याला बायकोला तार करायचीय.” मी चाट. म्हणजे सर, तुम्ही धडधडीत पदरचं घालत होतात! मग धूर आला, पोरगा उतरला, मी श्वास घेऊन म्हणालो, “आला गं बाई, लेक आला माझा!” नातीनं सिनेमा थांबवला. मागं नेला, पुन्हा ऐकला.

“आजोबा, हा तिचा मुलगा नाहीये. तो सांगतोय, तुमचा मुलगा खाणीतल्या अपघातात गेला, मी त्याच्यासोबत कामाला होतो.”

सर, मी झारा खाली ठेवला. आम्हा पोरांसाठी तुम्ही दर वर्षी लेक परत आणलात, आणि ज्यांचे लेक खरोखर गेले होते त्यांना मात्र जसं आहे तसं सांगितलंत. बदलला न्हाई रे! एवढी वर्षं ते वाक्य माझ्याजवळ होतं आणि कळलं ते आत्ता, एका पोरीच्या मोबाइलवर.

नातीनं ते थांबलेलं चित्र बोटांनी मोठं करून बघितलं. मग म्हणाली, “घरी सगळे डॉक्टरची वाट बघतायत. गाडीतनं भलतीच कुणी उतरली तर?” तीच पुढं म्हणाली, “त्याला ती शाल मापात बसली असेल का?”

“शालीला माप कुठं असतं गं?” मी म्हणालो.

तिनं बापाला फोन लावला. “बाबा, ही खेप मी जीव तोडून देते. पण नाहीच लागला नंबर तर मी गणित शिकणार आणि शिकवणार. तिसऱ्यांदा बसणार नाही.” पोरीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. पलीकडनं आवाज आला, “जेवलीस का?”

“आजोबांनी पोहे करपवले.”

“आजोबांना म्हणावं, गॅस बारीक ठेवत जा.” आणि मग, “बरं. गणित तर गणित.” आमच्या घराण्यात शाल अशीच पांघरतात, सर.

काल नाताळ झाला. शेजारच्या सगळ्या पोरी आमच्या खोलीत कोंबून बसल्या होत्या. घटकेघटकेला बोटानं चित्र सरकवणाऱ्या ह्या पोरी त्या जुनाट काळ्या-पांढऱ्या आगगाडीपुढं हलल्या नाहीत. का हलतील? रंग मोकळे ठेवलेत ना, ज्याला त्याला आपलं काहीतरी घालावं लागतं. शेवट मी किल्लारीचाच सांगितला. आणि मग शालीवरून भांडण जुंपलं, सर, तस्संच! एक म्हणे पिवळी, एक म्हणे मोरपंखी, नात म्हणाली जांभळी. मी तिला काहीही सांगितलेलं नव्हतं.

तुम्ही गेलात तिकडं हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि ते बरंच आहे, कारण एक गोष्ट तुम्हाला तोंडावर सांगवणार नाही. त्याच सिनेमाची कुणीतरी रंगवलेली प्रतही मिळते. आज सकाळी नात क्लासला गेल्यावर मी ती गुपचूप पाहिली. त्यात शाल करडी आहे.

मला नाही पटलं.