पळपुटी कुठून आणलीत?

दि. ९ नोव्हेंबर, दुपार
दुकानातून

प्रिय शेंडेफळ,

आधी एक खुलासा. हे पाकीट वाहिनीच्या पत्त्यावर, मालिकेच्या लेखिकेच्या नावे टाकतेय. लेखिकाबाई, तुम्ही आमच्या घरचं शेंडेफळ नसाल तर पुढचं वाचू नका. पण मग 'पळपुटी' कुठून आणलीत तेवढं कळवा, कारण तो शब्द बाजारात मिळत नाही.

असो. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, आई त्यांच्याहून जास्त कुरकुरते. माझं शिवणकाम बरं चाललंय. दुकानात टीव्ही घेतलाय, त्यामुळे बायका फिटिंगला येतात आणि मालिका संपेपर्यंत हलत नाहीत. बाबा गेल्या वर्षी गेले. झोपेतच. कळवणार कुठे?

तर ती मालिका. घरातला मुलगा शिकायला म्हणून जातो आणि मुलगी होऊन परत येतो. की येते. पहिल्या आठवड्यात दुकानात नुसता कल्ला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "असलं दाखवूच नये, पोरं बघतात," आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी खुर्ची धरून बसल्या. शेजारचा इस्त्रीवाला म्हणतो, "काही म्हणा, त्या घरात सरळ बोलणारी ती एकटीच." एक गिऱ्हाईक रोज तिचे हातच बघतं, "बोटं बघा ना, बोटं!" मी टाचण्या तोंडात धरून गप्प. तोंडात टाचण्या असल्या की कुणी आपलं मत विचारत नाही. तुझे भाऊजी घरी तो चॅनल लागला की बदलतात, आणि सकाळी दात घासता घासता विचारतात, "मग, घेतलं का तिला घरात?"

मला संशय पहिल्यापासून होता. मालिकेतली ती मोठी बहीण! सगळ्यांच्या पिशव्या तपासते, दाराआड उभी राहून ऐकते, वर "मला काय करायचंय" म्हणते. मी म्हटलं, ही बया कुठेतरी बघितलीय. भाऊजी म्हणाले, "आरशात." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग मंगळवारी मालिकेतल्या आईने कपाट उघडलं आणि म्हणाली, "पळपुटी कुठे गेली?"

माझी कात्री कापडात तशीच राहिली. ती आखूड निळी चादर, डोक्यावर ओढली की पायांवरून पळ काढणारी. तिला पळपुटी म्हणणारे जगात चौघंच. बाबा राहिले नाहीत. आई सही करते तेवढंच तिचं लिहिणं. मी कुणाला बोलले नाही. मग राहिलं कोण?

राग आला, भयंकर राग आला. आपलं घर असं चव्हाट्यावर मांडायचं? आज चादर, उद्या काय काढणार? आणि त्या भागाच्या शेवटी मालिकेतले वडील दारात उभे राहून "चुकलो गं पोरी" म्हणत रडले. दुकानातल्या बायका डोळे पुसत होत्या. मी चिडून बसले. बाबा असं बोलले नसते, तुलाही ठाऊक आहे. मग कुणासाठी लिहिलंस ते? लोकांसाठी, की एकदा तरी कानावर पडावं म्हणून? मी मशीन सुरू केलं, उगाचच, कापड नसताना. आवाजात माझं रडणं कुणाला ऐकू आलं नाही.

तुझ्या लक्षात आलंच असेल. 'गेलास' की 'गेलीस' असं जिथे ठरवावं लागेल, तिथे मी वाक्यच वळवलंय. कापड कमी पडलं की शिवणीत मारून नेते, तसं.

आईला असली कारागिरी जमत नाही. ती रोज दुकानात कोपऱ्यात बसते. इतके दिवस भिंतीकडे तोंड करून मालिका ऐकायची आणि त्या पात्राला हट्टाने 'तो' म्हणायची. पळपुटीचं ऐकलं आणि खुर्ची फिरवली. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींवर नजर ठेवून होतो.

काल शाळेतल्या बाईंनी मुद्दाम खडा टाकला, "आजी, तुमचाही मुलगा बाहेरगावी असतो ना? येतो का कधी?"

आई बटणं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला दोन मुली आहेत. धाकटी लिहिते."

बाईंनी उगाचच टीव्हीचा आवाज वाढवला. माझ्या घशात टाचणीच जायची.

घरी आल्यावर मी तिला धरलं, "कशावरून ती लिहिते? दुसरंच कुणी निघालं तर?"

"तर पत्र परत येईल," आई म्हणाली. "तीच असली तर ती येईल. तू टाक आधी."

म्हणून टाकतेय. संशय माझा अजून पुरता फिटलेला नाही, स्वभावच मेला तसा. तेव्हा उत्तर नीट दे, मालिकेसारखं ताणू नकोस. आणि लोकांना आवडेल ते नको, खरं असेल तेच लिही. कशी आहेस गं? कुठे राहतेस? एकटीच असतेस का?

दोघींमधली थोरली,
ताई