पायगुणाचा पाऊस

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
शेंदूरजनाघाट, १५ मे २००४

श्री. रा. रा. चंद्रभानजी व्याही यांस, शालिकराम यांचा रामराम वि. वि.

वऱ्हाड सुखरूप पोचले. आपली आचल आता आमची सून झाली. उंबऱ्यावरचे माप तिने असे लाथाडले की तांदूळ थेट देवघरापर्यंत गेले. आमचा किशोर तेव्हापासून जरा दबूनच आहे!

आमच्याकडे एक रीत आहे. नवी सून आली की तिच्या हातून बागेतल्या पहिल्या संत्र्याला तांब्याभर पाणी घालतात. सध्या बाग ताणावर आहे, म्हणजे मृग बहारासाठी झाडांचे पाणी तोडले आहे. पाने कोमेजू द्यायची, मग मृगाच्या पावसात झाड अंगभर फुलते. त्या तहानलेल्या झाडाला आचलने पाणी घातले, आणि काय सांगू व्याहीबुवा, ऐन वैशाखात संध्याकाळी धो धो पाऊस! आचलची सासू, म्हणजे आता तिची आत्याबाई, आमची रुख्मिणी म्हणाली, सुनेच्या पावलानं आभाय उतरलं. मीही त्याच आनंदात ताण मोडला आणि बोअरचे पाणी बागेत सोडून दिले. गाव म्हणते, हा ऐकत नाही, घाई केली. गावाला जळू द्या.

विहीणबाईंना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवत न्यावा.

आपला,
शालिकराम


अकोला, २ जून २००४

श्री. शालिकरामजी यांस, चंद्रभानचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून घरात पेढे वाटले. इथे उन्हाने डांबर वितळून राहिले आहे, आणि तुमच्याकडे सून पाऊस घेऊन येते!

मी जन्मभर वीज केंद्रात कोळशाचा बॉयलर सांभाळला. यंत्राच्या पलीकडे माझा कशावर विश्वास नाही, हे लग्नात मी तुम्हाला चारदा सांगितले असेल. पण पायगुणाचे म्हणाल तर तेवढे मान्य. पोरगी कोणाची आहे! ती जन्मली त्या आठवड्यात मला बढती मिळाली होती. तेव्हा यंदाच्या संत्र्यांची पहिली पेटी अकोल्याला आली पाहिजे, तो आमचा हक्क.

असाच जिव्हाळा राहू द्या.

चंद्रभान


शेंदूरजनाघाट, १८ ऑगस्ट २००४

श्री. चंद्रभानजी यांस, रामराम.

पेढे पचले असतील तर पुढचे ऐका. वैशाखातल्या पावसावर बाग फुलली आणि मृग कोरडा गेला. आर्द्राही कोरडी. फूल टिकवायला मी बोअर चालवत राहिलो, तर तोही आता पाण्याऐवजी हवा ओकतो. फुलांचा झाडाखाली सडा पडला. गावात ज्यांनी ताण मोडला नाही त्यांचे थोडेफार तरी राहिले. आमच्याकडे फांद्या आहेत.

इतकी वर्षे बाग करतो, वैशाखात असा पाऊस आमच्या घरावर कधी आला नव्हता. तो ज्या दिवशी आला त्या दिवशी नवे काय झाले होते, ते तुम्हीच सांगा. गावात बायका आचलला पांढऱ्या पायाची म्हणतात. मी कोणाकोणाचे तोंड धरू? पोळा झाला की पोरीला अकोल्याला न्या. आभाळ ताळ्यावर आले की बघू.

लोभ असावा असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

शालिकराम


अकोला, २७ ऑगस्ट २००४

श्री. शालिकराम यांस,

नमस्कार. तुमचे पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्या बागेवर कधी पाऊस पडावा हे माझ्या पोरीचे पाय ठरवतात काय? शिकल्यासवरल्या मुलाचे बाप आहात, थोडे वाचत चला.

हवामान बदलते ते का, ऐका. सूर्याचे तेज कमीजास्त होते. ज्वालामुखी फुटला की त्याची धूळ वर्ष-दोन वर्षे ऊन अडवते. हजारो कोसांवर समुद्राचे पाणी तापते आणि आपला पाऊस रुसतो. ही झाली निसर्गाची करणी. माणसाची करणी हवी असेल तर आपल्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन या. तिथले जुने आंबे कोणी तोडले? सावलीने संत्र्याला त्रास होतो म्हणून तुम्ही! एकेक गाव पाताळापर्यंत बोअर खणते आणि वरून पावसाला शिव्या देते. ताण कोणी मोडला? तुम्ही. खापर कोणावर? घरात नवी आलेल्या पोरीवर. नाचता येईना अंगण वाकडे.

तिला पाठवायचे धाडस करून पाहा.

चंद्रभान


शेंदूरजनाघाट, २० सप्टेंबर २००४

चंद्रभानजींस,

हे पत्र आचलबरोबरच पाठवले आहे, म्हणजे धाडस झाले. किशोर तिला पोचवून परत येईल.

तुमचे ज्ञान मी आमच्या कृषी सहायकाला दाखवले. तो म्हणाला, सगळे बरोबर आहे, फक्त मोठे कारण राहिले. कोळसा जाळला की जो वायू निघतो तो गोधडीसारखा पृथ्वीवर बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तुमच्या यादीत सूर्य आहे, समुद्र आहे, माझे आंबेदेखील आहेत. कोळशाची ओळ काहून गळली, व्याहीबुवा? जन्मभर गोधडी तुम्ही विणली आणि घाम आमच्या बागेला फुटला. पेन्शन मात्र तुमची पिकते.

वीज आमच्याही घरात आहे, बोअर त्याच विजेवर चालतो, हे तुम्ही लिहिणारच. लिहू नका. मला वाचायचे नाही.

शालिकराम


शेंदूरजनाघाट, १२ मे २००५

चंद्रभानजींस,

यंदा ताण नीट ठेवला होता. पान कोमेजले तरी पाण्याचा थेंब दिला नाही. परवा दुपारी गारा पडल्या. झाडांची साल निघाली आहे, पाने जमिनीत रुतली आहेत. पुन्हा वैशाखच.

घरातून पाहत होतो. रुख्मिणीने एवढेच विचारले की, आता कोनाचे पाय? 

आचलला धाडून द्या. घरात कामाला माणूस नाही.

शालिकराम


अकोला, १९ मे २००५

ती. मामाजींस, आचलचा शि. सा. न.

तुमचे पत्र बाबांनी मोठ्याने वाचून दाखवले आणि मग दिवसभर कुस्ती मारल्यासारखे घरात हिंडले. दोनदा चहा मागितला. तिकडे आत्याबाई उघड्या पडलेल्या बागेकडे कशा बघत असतील याचा विचार त्यांना शिवला नाही.  म्हणून हे पत्र तुम्हाला पाठवण्याआधी मी त्यांनाही वाचायला दिले आहे.

तुम्हा दोघांची सगळी पत्रे मी वाचली. सूर्य झाला, समुद्र झाला, आंबे झाले, कोळसा झाला. त्यातले बहुतेक खरेच असेल. पण बाबांनी तुमचे आंबे लिहिले आणि आपला कोळसा गिळला. तुम्ही कोळसा लिहिला आणि आंब्यांवर एक अक्षर नाही. अवेळी पाऊस पडला तेव्हा तुम्ही दोघांनी माझे पाय मिरवले. बाबांनी तर पेढे वाटले. बाग गेली तेव्हा तेच पाय वाईट झाले. मला त्या पहिल्या कौतुकाचाही आता राग येतो, कारण पुढचे सगळे तिथूनच सुरू झाले.

मामाजी, मला फार लागले आहे. हातपंपावर मी गेले की बायका आपली घागर बाजूला ओढत. मी अंगणात आले की तुम्ही आभाळाकडे पाहायचात. किशोररावांनी तोंडाला कुलूप लावले, ते मला अकोल्याला पोचवून देईपर्यंत उघडले नाही. गारांची बातमी आली तेव्हा मला आधी हायसे वाटले, की मी तिथे नव्हते. आपल्याच बागेवर गारा पडल्या आणि मला हायसे वाटले, एवढे तुम्ही सगळ्यांनी मला बिघडवले.

कामाला माणूस नाही म्हणून तुम्ही बोलावता. मी कामाला येत नाही. ते घर माझे आहे म्हणून येते. मृग लागला की येईन. इथल्या अंगणात आंब्याच्या कोयी रुजत घातल्या होत्या, त्यांची रोपे झाली आहेत. ती धुऱ्यावर लावणार आहे. बाबा ती पिशवीत भरून द्यायला तयार झाले आहेत, म्हणजे त्यांना काय म्हणायचे ते तुम्ही समजून घ्या. सावलीची कुरकुर करू नका.

उंबऱ्यावर माप ठेवू नका, एकदा ओलांडले तेवढे पुरे. लोभाचे मी काही मागत नाही, तो असेल तर दिसेल. रीतीप्रमाणे आत्याबाई माझ्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या राहतील. त्यांना सांगा, ते पाणी माझ्या पायांवर घालू नका. साल निघालेल्या झाडाला घाला.

तुमची सून,
आचल