गाईपुढे ठेवलेली धिरडी

आसगाव,
ता. १२ फेब्रुवारी १९८४

चि. पेमा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि कुट्टूच्या पिठाची पिशवी आपल्या जुन्या शाळेचा शिपाई ताराचंद देऊन गेला. नर्सिंगला लागलीस, बरं वाटलं. अक्षर अजून उजवीकडे झुकतं. इकडे आईचे गुडघे दुखतात. मी ठीक.

काल पीठ भिजवलं. धिरडं तव्याला चिकटलं. तुझ्या आईचं, अमाचं, कधी चिकटलं नाही. काळसर, किंचित कडू, वर लोणी, बाजूला लाल मिरचीची चटणी. शाळेत शिकवायला जाण्याआधी तुमच्या तिबेटी वस्तीत येऊन चुलीपाशी बसायचं आणि गरम गरम चार खायची, असं तीन वर्षं चाललं. पाचवं नको म्हटलं की अमा हसून तेही वाढायची. तिला मराठी येत नव्हतं. इकडचं तिकडे सांगायला आमच्यामध्ये तू होतीस.

इथवर लिहून पत्र बाजूला ठेवलं होतं.

माझी आई खोलीवर राहायला आली, म्हणून त्या सकाळी मी तुमच्याकडे आलो नाही. अमाच ताट झाकून घेऊन आली, सोबत तू. आईने विचारलं, "तू याइच्या घरचं खातोस का रे?"

"नाही माय. कधी तोंडाले नाही लावलं."

आणि मी ताटातली धिरडी उचलून दारातल्या गाईपुढे ठेवली.

मी काय म्हणालो, ते अमाने तुला विचारलं. तू अकरा वर्षांची. माझ्याकडे पाहिलंस, मग तिला काहीतरी सांगितलंस. तिने मान हलवली, गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि रिकामं ताट घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून मी वस्ती टाळून तळ्याच्या पाळीवरून शाळेत जाऊ लागलो. उन्हाळ्यात बदली मागून घेतली.

तू काय सांगितलंस, ते सात वर्षांनी तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीत कळलं. "अमा विचारते, गुरुजींचं पोट आता बरं आहे का?"

'नेहमी खरे बोलावे' हे मीच तुझ्याकडून पाटीवर दहादा लिहून घेतलं होतं.

आज धिरडी जमली. आईला वाढलं, आणि सगळं सांगितलं. ती खात राहिली. मग म्हणाली, "मंग तव्हा गाईले काहून देल्लं रे?"

मी तिच्या ताटात आणखी एक धिरडं वाढलं.

हे पत्र अमाला सांग. जसंच्या तसं. या वेळी माझ्या बाजूने काही घालू नकोस. ऐकूनही तिने बोलावलं तर येईन.

माझं पोट तेव्हाही बरंच होतं.

तेजराम