कमरेचं माप

शिंदे की छावनी, ग्वाल्हेर

प्रिय वनू,

सकाळपासून फोन हातात घेते, तुझं नाव काढते आणि पुन्हा ठेवून देते. दूध उतू गेलं, आमटीत मीठ दोनदा पडलं. शेवटी लिहायला बसले. तुला एकच गोष्ट विचारायची आहे, पण धीर होत नाही. तेव्हा आधी माझं पेटिकोटपुराण ऐक.

मी एक स्कर्ट शिवून घेतेय. जुन्या फॅशनचा, कमरेत घट्ट, खाली भरपूर घेर, पोटरीपर्यंत. डाळिंबी चंदेरीचा. हस, हस! या वयात वहिनीला काय सुचलं म्हणून पोटभर हस. कापड सुंदर आहे गं, पण अंगात घातलं की पायांना चिकटून लोंबतं. आमची बुटीकवाली गरिमा म्हणाली, काकू, अंदर कैनकैन तो लगेगा ही, आतून फुगवणारा पेटिकोट नसेल तर घेर कुठून येणार? झालं, बाड्यापासून सराफ्यापर्यंत एकही दुकान सोडलं नाही. कडक जाळीचा घातला तर स्कर्ट छत्रीसारखा उघडला, वर चंदेरीतून जाळी दिसायला लागली ती वेगळीच. खळ केलेला सुती पेटिकोट उभी असेपर्यंत छान, बसून उठले की चोळामोळा. एकाच्या सगळ्या चुण्या कमरेवरच, त्यात मी पिंपासारखी दिसत होते. दुकानदार सारखा बिटिया का नाप विचारत होता. माझंच घ्या म्हटल्यावर बिचारा टेप शोधत बसला.

शेवटी गरिमालाच शिवायला सांगितला. मऊ ऑर्गंझाचे थर, वरचा भाग सपाट, चुण्या त्याखाली, स्कर्टपेक्षा दोन बोटं आखूड. आणि आतून मलमलचं अस्तर. ते मी हट्टाने घालायला लावलं, तुझ्यामुळे. माझ्या लग्नातला तुझा फोटो आठवतो ना? करवली म्हणून कऱ्हा घेऊन उभी, फुगीर गुलाबी फ्रॉक, आत नुसती टोचरी जाळी, आणि तू एका पायाने दुसरा पाय खाजवतेयस. गोविंद तो फोटो पाहून दर वेळी हसायचे. आजारपणात अगदी शेवटी शेवटीसुद्धा.

त्या दिवसांत रात्री-अपरात्री गाडी काढणारे शेजारचे हेमेंद्र तुला माहीत आहेत. हल्ली संध्याकाळी आम्ही दोघं फूलबागेत फिरायला जातो. तुझ्या कानावर आलंच असेल, छावनीत काय लपून राहतंय! वनू, तुळशीचं लग्न झालं की आम्ही लग्न करतोय. लिहिलं एकदाचं. शालू मी गोविंदांसाठी नेसले होते, तो पुन्हा नाही नेसवणार. म्हणून हा स्कर्ट. मला आनंद झालाय आणि त्याच आनंदाने घरात एका जागी बसवत नाही. सारखी खोल्यांतून फिरतेय, आणि प्रत्येक खोलीत तू दिसतेस. तुझा गोविंददादा गेल्यावर तुझं माहेर म्हणजे मी एकटीच उरले. ते मी मोडतेय असं तुला वाटलं तर मी काय करू?

काल गरिमाने विचारलं, ऑर्गंझा बचा है, काय करू? माझ्या तोंडून निघून गेलं, अजून एक पेटिकोट कर. हे पत्र त्यासाठीच. मला करवली हवी आहे, वनू, आणि ती दुसरी कुणी नको, तूच हवीस. या वेळी माझ्या बाजूने. जमणार नसेल तर उत्तर लिहूच नकोस, मी रागावणार नाही. जमणार असेल तर मात्र समजावणी, आशीर्वाद काही नको, फक्त तुझ्या कमरेचं माप कळव. तुझ्यालाही आतून मलमल लावायला सांगितली आहे.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
अपर्णावहिनी